साळवेबाईंचा चिमटा

माझ्या वेल्डिंग मशीनने सगळ्यात आधी भोक पाडलं ते लोखंडाला नाही, खालच्या मजल्यावरच्या साळवेकाकांच्या टॉवेलला. साळवेबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्या टॉवेलामुळे.

आम्ही तेव्हा नुकतेच सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहायला आलो होतो. मी एका मंत्रालयात भाषांतर करतो, म्हणजे इंग्रजीतलं न समजणारं परिपत्रक हिंदीत तितकंच न समजणारं करून देतो. अशा नोकरीत चाळिशी उलटली की माणसाला हातानं काहीतरी करावंसं वाटायला लागतं. कोणी मातीची भांडी करतं, कोणी पाव भाजतं. मी घरगुती वेल्डिंग मशीन मागवलं. बुटांच्या खोक्याहून थोडं मोठं, लाल रंगाचं, खांद्याला अडकवायच्या पट्ट्यासकट. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी एक लोखंडी मांडणी करायची, एवढीच महत्त्वाकांक्षा होती. बायको म्हणाली, "अरे, बाजारात तयार मिळते." मी म्हणालो, "प्रश्न तो नाहीये." ती म्हणाली, "मग काय प्रश्न आहे?" ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

रविवारी सकाळी मुखवटा चढवून बाल्कनीत बसलो. रॉड टेकवला की चिकटायचा. ओढून काढला की चार ठिणग्या उडायच्या आणि सगळं विझायचं. तासाभरात मांडणीच्या जागी साळिंदरासारखं काहीतरी तयार झालं. मी रॉडला शिव्या घातल्या, मशीन बनवणाऱ्याला घातल्या, मग दिल्लीच्या व्होल्टेजला घातल्या. तेवढ्यात बेल वाजली.

दारात साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या. सलवार-कमीज, त्यावर पुरुषी खाकी शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, पायांत चामड्याचे जाड बूट. हातात टॉवेल. त्यांनी तो दोन्ही हातांनी उजेडासमोर धरला. सात-आठ भोकं होती.

"हा आमच्या डॅनियलचा," त्या म्हणाल्या. दारावरची पाटी वाचून सरळ मराठीतच सुरुवात केली असावी. "अंग पुसायला अजून चालेल म्हणा. पण चहा गाळायला जास्त बरा."

मी माफी मागायला लागलो. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्या खांद्यावरून बाल्कनीकडे बघत होत्या.

"अर्थ कुठे लावलायस?"

"अं?"

"मशीनमधून दोन वायरी निघतात ना? एक होल्डरची, ती तू हातात धरतोस. दुसरीचा चिमटा कुठे आहे?"

उत्तराची वाट न बघता त्या बूट घालूनच आत आल्या, माझ्या बायकोला "नमस्ते, बस आलेच" म्हणत थेट बाल्कनीत गेल्या. मशीनबरोबर आलेला चिमटा मी लोखंडी पट्टीच्या एका टोकाला लावला होता, रंग दिलेल्या भागावर. बाईंनी तो दोन बोटांनी दाबला. तो कुरकूरसुद्धा न करता उघडला.

"दोरीवर बनियन वाळत घालायला ठीक आहे हा," त्या म्हणाल्या. मग कुंड्यांच्या झारीतून दोन थेंब त्यांनी चिमट्यावर टाकले. चर्रकन वाफ झाली. "बघ. तुझी सगळी वीज इथे तापण्यात चाललीय. खाली रंग आहे, वर पत्रा आहे, स्प्रिंगमध्ये जीव नाही. मग रॉडच्या वाट्याला काय येणार, नुसता प्रसाद? माझी सांडशी याच्याहून घट्ट धरते."

"सांडशी म्हणजे?" माझ्या आठवीतल्या मुलीने विचारलं. ती जन्मापासून दिल्लीत.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की टॉवेलाची भोकं मला एकदम क्षुल्लक वाटली. मग मुलीला म्हणाल्या, "गरम पातेलं उचलतात ना बेटा, ती पकड. तुझ्या बाबांना उचलायला पण तीच लागणार."

मी म्हणालो, "काकू, तुम्हाला यातलं एवढं..."

"काकू म्हणू नकोस. तुझ्या कुठल्याही काकाशी मी लग्न केलेलं नाही. बाई म्हण, शाळेत म्हणायचास तसं. डॅनियलला काका म्हण, त्याला आवडतं."

तेव्हापासून नवरा काका आणि बायको बाई, असं आमच्या घरात विनातक्रार चालू झालं.

साळवे मूळचे नगरचे, ख्रिस्ती. दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि राहिले. काका हिशेब तपासणाऱ्या खात्यात, बाई सरकारी इमारतींची वीज सांभाळणाऱ्या खात्यात इंजिनीयर. ज्या काळात सबस्टेशनमध्ये बाईमाणूस दिसलं की लोक चहाचा ट्रे शोधायचे, त्या काळात त्यांनी नोकरी धरली. "पहिली तीन वर्षं मी सगळ्यांना चहा दिला," त्या सांगायच्या. "चौथ्या वर्षी मी त्यांचे गोपनीय अहवाल लिहायला लागले." यापलीकडे त्यांनी नोकरीबद्दल काही सांगितलं नाही आणि मला विचारायची गरजही पडली नाही. त्या कशा नोकरी करत असतील, हे त्या आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हाच समजलं. पानं वाढेपर्यंत लोक दिवाणखान्यातले फोटो बघतात. बाईंनी पर्समधून टेस्टर काढून आमचे सगळे प्लग बघितले. वरणभात कालवताना म्हणाल्या, "फ्रिजच्या सॉकेटला अर्थ नाहीये. बाकी आमटी छान."

आमच्या सत्यनारायणाला आल्या, तीर्थप्रसाद घेतला, आणि मखराला लावलेल्या दिव्यांच्या माळेपाशी वाकून गुरुजींना म्हणाल्या, "पंडितजी, थोड़ा इधर सरकिए. भगवान को करंट नहीं लगता, आपको लग जाएगा." गुरुजी जे सरकले ते आरती होईपर्यंत परत जागेवर आले नाहीत.

दुसऱ्यांच्या देवाच्या वायरी तपासायच्या आणि आपल्या देवाच्या नाहीत, असा भेदभाव नव्हता. त्यांच्या चर्चमध्ये पाळकसाहेब प्रवचन करताना मधूनच शहारायचे, डोळे मिटायचे. मंडळी भारावून जायची. बाईंनी एका रविवारी उपासना संपल्यावर माईक उघडला. "लोकांना वाटायचं त्यांच्या अंगात आत्मा संचारतोय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आत्मा नाही, लीकेज आहे." माईक दुरुस्त झाला. प्रवचनं पूर्वीसारखी रंगत नाहीत अशी तक्रार पुढे वर्षभर होती.

तळमजल्याच्या फ्लॅटला मागे छोटं अंगण होतं. तिथे पत्र्याच्या शेडखाली बाईंचं स्वतःचं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, आणि भिंतीला टांगलेल्या पकडी-हातोड्या. शेडच्या तोंडाशी वेताच्या खुर्चीत काका बसलेले असत. आडवा बांधा, गोरा चेहरा, नेहमी इस्त्रीचा शर्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिला. आयुष्यभर तीन भाषांत फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाजवळ 'बिल्कुल' एवढा एकच शब्द उरला, आणि तोही दिल्लीचा.

"डॅनियल, चहा?"

"बिल्कुल."

"हा वरचा मंदार आलाय. याला वेल्डिंग जमेल असं वाटतं का तुला?"

काका मला वरपासून खालपर्यंत निरखत आणि अतिशय शंकेखोर सुरात म्हणत, "बिल्कुल."

त्या एका शब्दात ते होकार, नकार, टिंगल, शिवी, सगळं भरत. बाई त्यांच्याशी पूर्ण वाक्यांत वाद घालत आणि कधीकधी हरत. एकदा मी गेलो तर बाई रागावून म्हणत होत्या, "ठीक आहे, नाही करत मटण, तुझंच खरं." काका समाधानाने भिंतीकडे बघत होते.

पुढच्या शनिवारी बाई मला चिमटा घ्यायला गाझियाबादला घेऊन गेल्या. त्यांची शेजारीण काकांजवळ बसली होती. मी म्हटलं, चिमटाच तर घ्यायचाय, ऑनलाइन मागवू. बाई म्हणाल्या, "जोडा आणि चिमटा पायात घातल्याशिवाय घेऊ नये." चिमटा पायात कसा घालायचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मेट्रो बदलत, मग ई-रिक्षात एका गाद्यांच्या गठ्ठ्याला टेकून आम्ही घंटाघराच्या मागच्या हार्डवेअरच्या गल्लीत पोचलो. दिल्लीतले दुकानदार माल हाताळू देत नाहीत, इथे खरे फॅब्रिकेटर येतात म्हणून देतात, असं त्यांचं म्हणणं.

"अर्थिंग क्लैंप दिखाइए," बाईंनी गल्ल्यावरच्या लालाजींना सांगितलं.

त्यांनी एक ठेवला.

"और."

असे सात झाले. बाईंनी पर्स उघडून फ्रिजला लावायचं एक लोहचुंबक काढलं. त्यावर नैनितालच्या तळ्यात एक होडी होती.

"यह पीतल का है, मैडम, एकदम शुद्ध," लालाजी एका पिवळ्याधमक चिमट्याबद्दल म्हणाले.

नैनिताल त्याला टक् करून चिकटलं.

"भाईसाहब," बाई शांतपणे म्हणाल्या, "आपका पीतल तो चुंबक पर फ़िदा है."

लालाजींनी तो चिमटा उचलून खाली ठेवला आणि गिऱ्हाईक कोण आहे ते नीट बघण्यासाठी चष्मा लावला.

पुढचा दीड तास मी शिकत होतो. एकावर तीनशे अँपिअर कोरलेलं होतं. "हा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची," बाई म्हणाल्या. "तीनशे लिहिलंय, म्हणजे दोनशे धर." प्रत्येक चिमटा त्यांनी मला एका हाताने उघडायला लावला. जो सहज उघडला तो बाद. मग त्याचे जबडे दाखवले. एका जबड्याला वायर जोडलेली असते. दुसऱ्यापर्यंत वीज जायला तांब्याच्या तारांची जाड वेणी हवी. ती नसेल तर वीज स्प्रिंगमधून जाते, स्प्रिंग तापते, तापली की सैल पडते, आणि मग माणूस व्होल्टेजला शिव्या देतो. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

लालाजींनी चुंबकाचा एक गोल चिमटा दाखवला, नुसता ठेवला की चिकटणारा. मला तो फार आवडला. बाई म्हणाल्या, "याला लोखंडाचा कीस चिकटतो, मग वाकडा बसतो. रोज पुसशील?" मी तो परत ठेवला. एक होता स्क्रूने आवळायचा, धरला की सोडत नाही असा. "सगळ्यात चांगला हाच. पण तुझ्यासाठी नाही. तू दोनदा आवळशील, तिसऱ्यांदा कंटाळशील आणि नुसता लटकवशील. माणूस बघून चिमटा घ्यायचा असतो."

शेवटी माणूस बघून घेतलेला चिमटा असा निघाला: खऱ्या पितळेचा, वजनदार, घट्ट स्प्रिंगचा, जबड्यांमध्ये तांब्याची वेणी, आणि वायर बसवायला नुसती कडी नव्हे तर जाड बोल्ट. बाईंनी तो काउंटरच्या लोखंडी कडेला लावला आणि मला ओढायला सांगितलं. मी ओढला. माझ्याबरोबर काउंटरपण सरकला.

"दामाद के लिए ले रही हैं?" लालाजींनी आदराने विचारलं.

"नहीं, पड़ोसी के लिए. दामाद होता तो अब तक भाग जाता."

लालाजींनी चहा मागवला. दुकानासमोरच्या बाकावर आम्ही तो घेत होतो. पिशवीत चिमटा, अंगावर ऊन, मला थोडं पुस्तकी सुचलं. मी म्हणालो, "बाई, खरं तर आयुष्यातही असंच असतं नाही? सगळे ठिणगीकडे बघतात, परतीच्या वाटेकडे कोणी..."

"आयुष्याचं नाव काढू नकोस," बाई म्हणाल्या. "मी चिमट्याबद्दल बोलतेय."

मी चहा पीत राहिलो. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "आमच्या बाथरूममध्ये भिंतीला पाइप लावलेत, बघितलेस ना?"

बघितले होते. त्यांच्या घरात पलंगापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप होता, पांढरा रंग दिलेला. काका उजव्या हाताने तो धरून फिरत.

"पहिला मी लावला तो असा नव्हता. बाजारातला आणलेला टाइलमधून उखडला, म्हणून मी मशीन घेतलं. म्हटलं, चाळीस वर्षं दुसऱ्यांनी केलेली वेल्डिंग पास-नापास केलीय, आपल्याला काय कठीण आहे. मशीनबरोबर जो चिमटा आला तोच लावला. रंगावरच. जोड दिसायला इतका सुंदर आला की मी डॅनियलला दाखवला. तो म्हणाला, बिल्कुल. आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी आंघोळीला जाताना त्याने सगळं वजन टाकलं आणि जोड सुटला. तो पडला उजव्या हातावर. मनगट मोडलं."

मला हिशेब लागायला क्षणभर वेळ लागला. डावा हात आधीच गेलेला.

"दीड महिना त्याला एकही हात नव्हता. मी भरवायचे. तो माझ्याकडे बघायचा नाही, भिंतीकडे बघून खायचा. राग नव्हता रे. लाज वाटायची त्याला. आणि लाज मला वाटायला हवी होती." त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "तो जोड मी नंतर कापून बघितला. वरून साखळीसारखा, आत लोखंड एकमेकांत मिसळलंच नव्हतं. वीज पोचलीच नव्हती पुरेशी. चाळीस वर्षं लोकांना विचारत आले की बाबा, अर्थ कुठे आहे, आणि घरात स्वतःला विचारलं नाही."

बाई लगेच उठल्या आणि म्हणाल्या, "चल, आता तू परत आयुष्याबद्दल काहीतरी बोलशील."

माझी मांडणी दोन रविवारांत झाली. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आधी चिमटा, मग चमक," एवढं एकच वाक्य त्या दर जोडाला म्हणायच्या, आणि मी आधी लोखंड घासून रंग काढायचो, चिमटा जोडाच्या जवळ लावायचो, ओढून बघायचो, मगच मुखवटा खाली करायचो. मांडणी थोडी तिरकी आहे. बायकोने त्यावर फक्त कोरफड ठेवली आहे, पडली तरी चालेल म्हणून. पण ती अजून पडलेली नाही.

या सगळ्या उद्योगावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खुरानासाहेब नाराज होते. निवासी इमारतीत वेल्डिंग म्हणजे धोका, असं त्यांचं म्हणणं. आता त्यात चूक काही नव्हतं, आणि टॉवेल पुरावा म्हणून हजर होता. त्यांनी बाईंना मशीन काढून टाकायची नोटीस दिली. बाईंनी तिला अकरा परिच्छेदांचं उत्तर दिलं, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, शेवटी 'सादर'. खुरानासाहेब खासगी कंपनीतून निवृत्त झालेले. सरकारी टिपणाशी लढायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विषय सर्वसाधारण सभेत घ्यायचं ठरवलं.

सभेच्या आधीच्या रविवारी गच्चीवर पाण्याच्या टाकीचा गंजलेला जिना दुरुस्त करायला खुरानासाहेबांनी ठेकेदार लावला होता. गच्चीवर वेल्डिंग चालू आहे आणि बाई खाली बसल्या आहेत, हे शक्यच नव्हतं. मला हाक मारून त्या लिफ्टने वर गेल्या. मी मागोमाग.

वेल्डर गच्चीच्या पार त्या टोकाला जिन्यावर काम करत होता. मशीन या टोकाला, लिफ्टच्या मशीनरूमपाशी. बाईंनी ठिणग्यांकडे पाहिलंच नाही. खाली मान घालून त्या चिमट्याची वायर शोधत निघाल्या. वायर तोकडी होती. ती जिन्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून ठेकेदाराच्या माणसाने चिमटा मशीनरूमच्या आत लिफ्टच्या लोखंडी चौकटीला लावून दिला होता. लोखंड ते लोखंड, गच्चीवर सगळं कुठे ना कुठे जोडलेलं असतंच, असा हिशेब.

मशीनरूमच्या दारात बाई थबकल्या. मलाही तो वास आला, जळत्या प्लास्टिकचा. लिफ्टच्या पॅनेलमधून निघणारी हिरवी अर्थची वायर मऊ होऊन लोंबत होती, आणि तिच्यातून बारीक धूर येत होता. मुळात ती वायर लिफ्टमधल्या माणसाला शॉक लागू नये म्हणून ठेवलेली, आणि तिच्यातून वेल्डिंगची सगळी वीज परत चालली होती.

मी काहीतरी ओरडलो. वेल्डरला मुखवट्यात ऐकू गेलं नाही. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी वेल्डिंग मशीनचा प्लग ओढला, मग दोन पावलं आत जाऊन लिफ्टचा मेन स्विच खाली केला.

सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत खालून, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधून कुठून तरी, खुरानासाहेबांचा आवाज आला. ते काम बघायला वर येत होते.

"कौन है? लाइट किसने बंद की?"

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या हसतील. निदान थोडंसं. त्या सहाव्या मजल्यावर उतरल्या, लिफ्टच्या बंद दाराशी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि दाराला तोंड लावून बोलू लागल्या.

"खुराना साहब, मैं साल्वे. लिफ़्ट मैंने बंद की है. अर्थ का तार जल गया है. मैकेनिक के देखे बिना मैं चालू नहीं करूँगी. आप नीचे बैठ जाइए, दीवार को हाथ मत लगाइए. हवा आ रही है ना?"

"आपने बंद की?" आतला आवाज चढला. "आपको किसने परमिशन दी?"

"किसी ने नहीं. बैठ गए?"

आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग, "बैठ गया."

मेकॅनिक यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई तिथून हलल्या नाहीत. मजल्यावरची माणसं जमली, कोणी म्हणालं मॅडमने मुद्दाम केलं, कोणी म्हणालं सभेच्या आधीच बदला घेतला. बाई खुरानासाहेबांशीच बोलत राहिल्या. त्यांना अंधाराची भीती वाटत असावी, आणि ते त्या पाऊण तासात फक्त बाईंना कळलं असेल, कारण शेवटी शेवटी आतून मधूनमधून नुसतं 'मैडम?' येत होतं, त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या, आणि मला फक्त एवढंच ऐकू आलं, "मेरे हस्बैंड भी ऐसे ही पूछते हैं. एक ही लफ़्ज़ में."

मेकॅनिकने आधी वर जाऊन पाहिलं, मग हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. खुरानासाहेब बाहेर आले. त्यांच्या हातात जिलबीची पिशवी होती, कामगारांसाठी आणलेली. ती रिकामी होती.

मेकॅनिक जळलेली वायर हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "दस मिनट और चलता तो पैनल जाता. और किसी को करंट लगता तो सीधा ऊपर. मैडम ने ठीक किया."

खुरानासाहेबांनी वायरीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि जिन्याने खाली गेले. आभार मानले नाहीत. सभेत बाईंच्या मशीनचा विषय आलाच नाही. एक नवा ठराव मात्र झाला की सोसायटीत कोणाचंही वेल्डिंगचं काम निघालं तर आधी साल्वे मॅडमनी चिमटा बघावा. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "मैं रिटायर हूँ," आणि बसल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. खुरानासाहेब पुढे कायम जिन्याने ये-जा करू लागले. त्यांची तब्येत बरीच सुधारली.

काका त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, बाई आत चहा करत होत्या. चहा घेऊन बाहेर आल्या तर मान छातीवर. मी खाली धावलो तेव्हा बाई त्यांच्या शेजारी वेताच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि दोन्ही ग्लास जमिनीवर होते. "हाक मारली," त्या मला म्हणाल्या. "पहिल्यांदाच काही म्हणाला नाही."

प्रार्थनेला पुष्कळ मंडळी आली. पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. बाई म्हणाल्या, "हो, पण चहा होईपर्यंत थांबता आलं असतं." कोणाला हसावं की नाही ते समजेना. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. या वेळी माईक नव्हता. खुरानासाहेब मागच्या रांगेत उभे होते, शेवटपर्यंत.

नंतरचे काही महिने मी ऑफिसमधून आलो की खाली डोकवायचो. बाई शेडमध्ये असत, पण मशीन चालू नसे. एकदा विचारलं, काही करता का सध्या? म्हणाल्या, "कोणाला धरायला काही लागत नाहीये." हे त्या इतक्या सहज बोलल्या की मी वर येऊन बायकोला सांगितल्यावरच मला रडू आलं.

मग त्यांनी फ्लॅट विकला आणि नगरला धाकट्या बहिणीकडे जायचं ठरवलं. बहीण विधवा, एकटी, शिवाय बाईंच्या मते अत्यंत हेकट. "दोघी भांडू. घरात आवाज हवा," त्या म्हणाल्या. सामान आधीच ट्रकने गेलं. त्यांना सोडायला मी आणि माझी मुलगी निजामुद्दीनला गेलो. दुपारची गाडी होती. डब्यात बसवून, बॅग बर्थखाली सरकवून आम्ही उतरलो. बाई म्हणाल्या, "आता जा. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभं राहून काय बोलायचं ते मला कधीच सुचलेलं नाही."

आम्ही गेलो नाही. जरा लांब, खांबापाशी उभे राहिलो. एसी डब्याची काच काळपट. आतलं अंधुक दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. समोरच्या बर्थवर एक नवविवाहित जोडपं होतं, नवरा वरच्या बर्थवर भलीमोठी सुटकेस चढवत होता. बाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले. मग त्या उभ्या राहिल्या, खाकी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि सुटकेसची दुसरी बाजू धरली. काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण ती नवी नवरी तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, आणि नवऱ्याचा चेहरा पडला.

गाडी हलली. मुलीने हात वर केला. बाईंनी बाहेर बघितलं नाही. त्या कामात होत्या.